आठवड्याचा कप्तान

बोटीवर कुणीतरी होतं.

भिंगरी धक्क्यावरच थबकली. सकाळचे सव्वासात वाजले होते. घरचे आठच्या आत येणार नव्हते. आणि तिच्या... म्हणजे तिच्या बाबांच्या... म्हणजे खरं तर भाड्याच्या, पण गेली सोळा वर्षं दर उन्हाळ्यात सात दिवस त्यांचीच असलेल्या शिडाच्या बोटीवर एक माणूस खुशाल मांडी घालून बसला होता. अनवाणी. बाह्या कोपरापर्यंत सारलेल्या. एका हातात कॉफीचा मग, दुसऱ्या हातात टोमॅटो. तो टोमॅटो तो सफरचंदासारखा चावून खात होता.

आयत्या बिळावर नागोबा, तिच्या मनात आलं.

"ओ!" ती ओरडली. "उतरा खाली."

त्यानं वर पाहिलं. उन्हामुळे डोळे बारीक केले. "मी?"

"नाही, टोमॅटो. तुम्हीच! ही बोट आमची आहे. आजपासून सात दिवस."

"बरं," तो म्हणाला आणि खरोखरच उतरला. कॉफी आणि टोमॅटोसकट तिच्या शेजारी येऊन उभा राहिला. "आता?"

आता काय, ते तिलाही माहीत नव्हतं. चोर इतका आज्ञाधारक निघेल असं तिला वाटलं नव्हतं.

"आता... जा."

"कुठे?"

"जिथून आलात तिथे."

"तिथूनच तर आलो." त्यानं बोटीकडे बोट दाखवलं. "रात्री तिथेच झोपलो होतो."

तिनं बॅग धाडकन खाली टाकली. तो धक्क्यावरच्या लोखंडी खुंट्यावर बसला, ती आपल्या बॅगेवर बसली, आणि दोघं पाऊण तास एकमेकांकडे न बघता समुद्राकडे बघत राहिले. मध्ये एकदा त्यानं खिशातून दुसरा टोमॅटो काढून तिच्यापुढे धरला. तिनं मान फिरवली. तिला भूक लागली होती, हा भाग वेगळा.

आठ वाजता बाबा आले. उजवा हात गळ्यात बांधलेला. मागोमाग आई, मावशी, आणि मावशीची मुलगी मैना. मैना सामानापेक्षा हसणंच जास्त घेऊन आली होती.

"अरे कप्तान!" बाबा लांबूनच म्हणाले. "तुम्ही खाली का बसलात?"

"उतरवलं मला," तो म्हणाला आणि उठून उभा राहिला. "जबाबदार माणसानं."

भिंगरीचा हात बॅगेत होता. बॅगेत एक पाकीट होतं, आणि पाकिटात शिडाची बोट चालवण्याचा कोरा करकरीत परवाना. सगळा हिवाळा, एकही रविवार न चुकवता, ती त्या वर्गाला गेली होती. घरी कुणाला पत्ता लागू दिला नव्हता. बाबांच्या खांद्याचं ऑपरेशन झालं तेव्हा घरात सगळे म्हणाले, यंदा बोट राहिली. ती गप्प बसली होती. आणि मग बाबाच म्हणाले, नाही, जायचंच. तिला वाटलं होतं, आज धक्क्यावर पाकीट पुढे करू आणि म्हणू, बाबा, तुम्ही नुसतं बसा.

"डॉक्टर म्हणाले तीन महिने हात हलवायचा नाही," बाबा तिला म्हणाले. "म्हटलं, माणूसच ठेवू एक."

"बरं झालं बाई," आई म्हणाली. "कुणाच्या जिवाला घोर नको."

भिंगरीनं हात बॅगेतून रिकामाच बाहेर काढला.

तिला भिंगरी म्हणत, कारण लहानपणी ती एका जागी टिकत नसे. मोठेपणी ती चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासू लागली, तेव्हा मावशी म्हणाली, नाव आधी पडलं आणि भिंगांचा धंदा मागून आला. दिवसभर ती लोकांना विचारी, "आता बघा, स्पष्ट दिसतं की आधी दिसत होतं?" लोकांचं तिला बरोबर कळे. स्वतःचं मात्र...

पहिल्या दोन दिवसांत तिला एवढंच स्पष्ट दिसलं की बाबा हातचे गेले.

सुकाणूशेजारची जागा तिची होती. सात वर्षांची होती तेव्हापासून. त्या जागी आता बाबा कप्तानाला घेऊन बसत आणि एका हातानं समुद्रभर हातवारे करत. वारा मानेवर कसा ओळखायचा, ढगाखालचं पाणी काळं कधी होतं, आजोबांनी एकदा धुक्यात नुसत्या कुत्र्याच्या भुंकण्यावरून किनारा कसा गाठला... सगळ्या गोष्टी. तिच्या गोष्टी! आणि तो मेला प्रत्येक गोष्ट अशी ऐके की जणू समुद्र त्यानं कालच पहिल्यांदा पाहिला. "मग काका? मग पुढे?"

आई त्याच्या ताटात मोठा बटाटा वाढी. मावशी त्याला विचारी, "घरी कोण कोण असतं?" तो हसून म्हणे, "घर कुठेय मावशी, बंदरं आहेत." आणि मावशी लगेच दुसरा बटाटा वाढी.

भिंगरीच्या अंगाचा तिळपापड होई.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो नकाशा बघत होता. हात लांब करून, मान मागे नेऊन.

"तुम्हाला जवळचं दिसत नाही," ती म्हणाली. तिला राहवलं नाही.

"दिसतं की."

"मग हात आणखी लांब हवा होता म्हणून का तोंड वेडंवाकडं करताय? चष्मा लागलाय तुम्हाला. कमीत कमी दीड नंबर."

त्यानं नकाशा खाली केला. "लांबचं मात्र छान दिसतं हं मला. काल धक्क्यावर तुम्ही वळणावरून येत होतात, तेव्हापासून दिसत होतात. तरातरा. म्हटलं, ही आता कुणालातरी हाणणार."

"आणि तरी बसून राहिलात?"

"म्हटलं, बघू तरी... कुणाला हाणते."

त्याच्या डोळ्यांच्या कडांना उन्हानं पडलेल्या बारीक रेषा होत्या आणि हसला की त्या कानापर्यंत जात. हे तिला उगाचच दिसलं. डोळे बघायची सवय, दुसरं काय. ती उठून दुसऱ्या टोकाला गेली. तिथे मैना दोराशी झटापट करत होती.

"कप्तान!" मैनेनं हाक मारली. "ही गाठ सुटते हो माझी!"

तो आला. मैनेच्या मागे उभा राहिला, तिची बोटं धरून दोर असा आत, असा वर, असा बाहेर फिरवला. "हे बघा. आता ओढा."

मैनेनं ओढलं. गाठ बसली. आणि भिंगरीच्या पोटात नेमकी तशीच एक गाठ बसली.

बाबांमुळे, तिनं स्वतःला बजावलं. हे सगळं बाबांमुळे.

तिसऱ्या दिवशी दोघी बहिणी डेकवर बटाटे सोलत बसल्या होत्या. वारा मंद होता, शीड सुस्तावलं होतं.

"ताई, एक विचारू? चिडणार नाहीस?"

"बटाटे सोल."

"कप्तान कसा वाटतो तुला?"

"माणसासारखा."

"म्हणजे आवडत नाही ना?"

सुरी थांबली. "मला कशाला आवडेल?"

"नाही म्हणजे..." मैना पहिल्यांदाच जरा लाजली. "मला आवडलाय. तुझं काही नसेल तर मी बघू का जरा?"

आता इथे एका शब्दात काम झालं असतं. पण सुंभ जळतो, पीळ जात नाही.

"बघ की," भिंगरी म्हणाली. "माझ्या बापाचं काय जातंय?"

खरं तर बापच तेवढा जाऊन बसला होता त्याच्या बाजूला.

चौथ्या दिवशी पाऊस आला. अवेळीच, उन्हातच, आणि मग ऊनही गेलं. ते एका छोट्या बंदरात नांगर टाकून बसले. बोटीवरचा पाव संपला म्हणून मैना आणि कप्तान गावात गेले, आणि तासाभरानं परत आले ते एकाच रेनकोटखाली. दोघांची डोकी एकमेकांना लागलेली. पाव कोरडा, ती दोघं ओलीचिंब, आणि हसणं तर थांबतच नव्हतं.

"दुकानात एकच रेनकोट होता," मैना सांगत सुटली, "आणि दुकानदार म्हणतो कसा..."

"मैनेला चालता येतं हं," भिंगरी कप्तानाला म्हणाली. "पोहताही येतं. उगाच धरून ठेवायची गरज नाही."

छतावर पाऊस तडतडत होता. मैनेचा चेहरा लाल झाला. आईनं भिंगरीकडे अशी नजर टाकली की ती सरळ बाहेर पावसात जाऊन बसली. शिडावरच्या ताडपत्रीखाली, गुडघे पोटाशी घेऊन.

थोड्या वेळानं ताडपत्री उचलली गेली. तो आत सरकला. मध्ये हातभर अंतर ठेवून बसला. त्याच्या केसांतून पाणी गळत होतं.

"तुम्ही माझ्यावर चिडलाय," तो म्हणाला. "पहिल्या दिवसापासून."

"छे."

"परवाना कधी काढलात?"

ती गर्रकन वळली. "माझी बॅग उघडलीत तुम्ही?"

"बॅग कशाला उघडू?" त्यानं समोरच्या कठड्याकडे मान वळवली. "ती गाठ तुम्ही मारलीय ना? बाबा तुमचे जुन्या पद्धतीनं मारतात. ही नवी आहे, परवान्याच्या वर्गात शिकवतात. आणि मी 'दोर सैल सोडा' म्हणायच्या आधीच तुमचा हात दोरावर असतो. रोज. मग तुम्ही तो मागे घेता."

पाऊस ताडपत्रीच्या कडेवरून धारेनं पडत होता. इतके दिवस आपल्याकडे कुणी बघत नाही म्हणून ती जळत होती, आणि हा... हातसुद्धा बघत होता.

तिनं त्याला सगळं सांगितलं. रविवार, पाकीट, धक्का. "सोळा वर्षं शिकवलं बाबांनी मला," ती शेवटी म्हणाली. "आणि वेळ आल्यावर परका माणूस आणला. म्हणजे विश्वास नाही ना?"

"मला नाही तसं वाटत."

"मग काय?"

"ते त्यांनाच विचारा." तो उठला. ताडपत्री वर धरून क्षणभर तसाच उभा राहिला. "आणि... मैनेला मी धरून ठेवलं नव्हतं. रेनकोट लहान होता."

"मला काय त्याचं?"

"काही नाही," तो म्हणाला. "सांगून ठेवलं."

पाचव्या दिवशी दुपारी कप्तानाला बोट लागली.

नांगर उचलून, शीड चढवून, बोट मोकळ्या समुद्रात आली आणि तो पोट धरून डेकवर आडवा झाला. त्याचं कण्हणं ऐकून आईनं लिंबू कापलं, मावशीनं कपाळावर ओला रुमाल ठेवला, मैना टोपीनं वारा घालू लागली. कण्हणं इतकं वाईट होतं की शाळेच्या नाटकातसुद्धा त्याला कुणी घेतलं नसतं.

"चौदा वर्षं समुद्रावर काढलीत म्हणता," बाबा त्याच्याकडे रोखून बघत म्हणाले. "आणि आज बोट लागली?"

"होतं कधीकधी, काका..." त्यानं डोळे मिटले. "मोठा बटाटा सोसला नाही."

सुकाणू मोकळं होतं. बोट हळूहळू वाऱ्याकडे तोंड वळवायला लागली होती, शीड फडफडत होतं. बाबांनी डावा हात पुढे केला, पण बांधलेल्या खांद्यातून कळ आली आणि त्यांनी तो मागे घेतला.

"मी घेते," भिंगरी म्हणाली.

कुणी काही बोलायच्या आत तिनं सुकाणू धरलं. बोट थरथरली, वळली आणि... शीड भरलं. एका दमात भरलं, जसा कुणी खोल श्वास घ्यावा. पाणी दोन्ही अंगांनी सळसळत मागे जाऊ लागलं. तिनं मानेवर वारा घेतला, मैनेला दोर ओढायला सांगितलं, मावशीला डोकं खाली घ्यायला सांगितलं, आणि तीन तास ती कुणावरही जळली नाही. वेळच नव्हता.

पण बाबा? बाबा पहिल्या दहा मिनिटांतच उठून खाली केबिनमध्ये गेले होते. पुढच्या बंदराचं तोंड चिंचोळं होतं. तिनं शीड उतरवायला लावलं, इंजिन सुरू केलं, आडव्या वाऱ्याला जरा अंगावर घेत बोट आत नेली आणि धक्क्याला इतकी अलगद टेकवली की आईच्या हातातला चहा हिंदकळलासुद्धा नाही. मैनेनं टाळ्या वाजवल्या. बाबा वर आले नाहीत.

ती खाली गेली. ते बाकावर छोट्या खिडकीकडे तोंड करून बसले होते.

"चुकलं का काही?" तिनं विचारलं. पाकीट काढून तिनं त्यांच्यापुढे ठेवलं. "माझ्याकडे परवाना आहे, बाबा. तुम्हाला सांगणार होते. पण तुम्हाला माझा भरवसा..."

"बंदराच्या तोंडाशी वारा अंगावर घेतलास," बाबा मध्येच म्हणाले. "मी कधी घेतला नाही तसा. मी घाबरतो तिथे. दरवर्षी."

तिनं पाकीट त्यांच्याकडे आणखी सरकवलं.

"भरवसा होता गं, म्हणूनच तर." त्यांनी पाकीट उचललं, उघडलं नाही. "कप्तान काय, आठवड्याचा माणूस. त्याच्या हातात सुकाणू दिलं की ते शनिवारी परत मिळतं. तुझ्या हातात दिलं की... परत कशाला मागायचं? माझ्यापेक्षा बरं चालवतेस. ते बघवलं नाही मला. बापाला मुलीचा हेवा वाटावा, काय म्हणायचं याला!"

आणि ते हसले, पण डोळे भरले होते. भिंगरी त्यांच्या शेजारी बसली, चांगल्या खांद्याच्या बाजूला.

"आमच्याकडे रक्तातच आहे म्हणायचं," ती म्हणाली. "मी चार दिवस त्या माणसाचा हेवा करतेय. तुम्ही त्याला सगळ्या गोष्टी सांगितल्यात माझ्या."

"सगळ्या नाही," बाबा म्हणाले. "कुत्र्याची अर्धीच सांगितली."

वर आली तेव्हा कप्तान चक्क बरा होऊन बंदराच्या भिंतीवर बसला होता. संध्याकाळचं तांबूस पाणी भिंतीखाली हेलकावत होतं.

"मला भीक नको होती," ती त्याच्या शेजारी बसत म्हणाली. पण आवाजात धार नव्हती.

"भीक कसली? तीन तास आडवं पडून लिंबू चोखायचे, आणि कपाळावर रुमाल. माझी मजा झाली."

"का केलंत?"

त्यानं एक खडा पाण्यात टाकला. मग म्हणाला, "हेवा वाटतो मला तुमचा. नाही, हसू नका. तुम्ही सगळे काय भांडता! रुसता, टोमणे मारता, पावसात जाऊन बसता... आणि जेवायच्या वेळी परत एकाच टेबलाशी. मी दर आठवड्याला एका घरचा असतो. शनिवारी ते हात हलवून जातात आणि दुपारी दुसरं घर येतं. सगळी चांगली माणसं असतात. पण माझ्यावर चिडून बसेल असं कुणी..." तो थांबला. "तुम्हीच पहिल्या."

तिच्या ओठांवर शब्द आला होता. अगदी आला होता. तेवढ्यात बोटीवरून मैनेचं हसू ऐकू आलं, आणि भिंगरीला आपलं "बघ की" आठवलं. दिलेलं परत कसं मागायचं?

"रात्र पडेल आता," ती उठत म्हणाली. "चला."

शुक्रवारी सकाळी तिनं मैनेला डेकच्या टोकाला गाठलं.

"मैने, मी खोटं बोलले होते. आणि परवा सगळ्यांसमोर जे बोलले तेही... चुकलं माझं."

"ते बटाटे आठवतात?" मैना दोर गुंडाळत म्हणाली. "तू साल काढता काढता अर्धा बटाटा समुद्रात टाकलास. तेव्हाच कळलं मला. ताकाला जाऊन भांडं कशाला लपवायचं, ताई?"

"मग बोलली का नाहीस?"

"तू का नाही बोललीस?" मैना हसली नाही. "तो परवा पावसात सगळा रस्ता तुझ्या बाबांच्या गोष्टी सांगत होता आणि प्रत्येक गोष्टीत तू किती वर्षांची होतीस ते विचारत होता. मला खरंच आवडला होता गं. थोडा." तिनं दोराचं वेटोळं खाली ठेवलं. "आजचा दिवस मला जरा तुझा राग येणार आहे. उद्या जाईल."

"येऊ दे," भिंगरी म्हणाली. "हक्कानं येऊ दे."

शनिवारी बोट मूळ बंदरात लागली. सामान उतरलं. आणि धक्क्यावर पुढच्या आठवड्याचं घर आधीच हजर होतं. आई, वडील, तीन मुली. तिघी विशीतल्या. तिघींच्या डोक्यावर मोठाल्या टोप्या: पिवळी, पांढरी, निळी. तिघी कप्तानाकडे बघून एकमेकींच्या कानात काहीतरी बोलत होत्या.

भिंगरी गाडीपर्यंत गेली, आणि तशीच तरातरा परत आली.

"तीन मुली आहेत," ती म्हणाली.

"दिसल्या," कप्तान म्हणाला. तो दोर सोडवत होता.

"त्यांनाही गाठी शिकवणार?"

"कामच आहे ते माझं."

"बोटं धरून?"

त्यानं दोर खाली ठेवला. "शिकत नसतील तर..."

"मला आवडणार नाही."

"का?"

"कारण..." आणि मग तिला वाटलं, चार दिवस बाबांवर, मैनेवर, पावावर, रेनकोटावर काढलं, आता टोप्यांवर काढायचं आणि घरी जायचं? "कारण मला तुम्ही आवडता. म्हणून आवडणार नाही. झालं!"

ती हे जरा मोठ्यानं बोलली असावी. पिवळ्या टोपीची आई आपल्या नवऱ्याला म्हणाली, "ऐकलंत? तीस वर्षांत कधी फुटला का असा शब्द तुमच्या तोंडून?"

कप्तान लाल झाला. तेवढ्यात नवऱ्यानं घाईघाईनं दोन बॅगा त्याच्या हातात कोंबल्या, निळी टोपी पाय घसरून ओरडली, आणि सगळा धक्का एकदम बोलू लागला. त्या गोंधळात त्याला एवढंच म्हणता आलं, "पुढच्या शनिवारी... दुपारी दोनला येतो बोट घेऊन."

आता हे उत्तर होतं, की वेळापत्रक?

तो आठवडा कसा गेला ते दुकानातल्या गिऱ्हाइकांना विचारावं. एका आजोबांचा डावा डोळा तिनं दोनदा तपासला आणि उजवा तसाच राहिला. सोमवारी पिवळी टोपी त्याच्यासाठी नकाशा धरून उभी होती. मंगळवारी पांढरी सुकाणूशेजारी बसली. बुधवारी पाऊस पडला, आणि रेनकोट एकच. गुरुवारपर्यंत निळीला पोहता येईनासं झालं होतं. डोळे मिटले की हे सगळं तिला इतकं स्पष्ट दिसे की नंबर काढायचं कामच नव्हतं.

शनिवारी बाबा म्हणाले, "मी येतो बरोबर. बंदराची हवा मला मानवते." तिनं गाडी लावल्यावर ते गाडीतच बसून राहिले. "इथून मला काही दिसत नाही," ते म्हणाले. गाडी त्यांनी जिथे लावायला सांगितली होती तिथून सगळं बंदर दिसत होतं.

दोन वाजले. बोट नाही. तीन वाजले. पावणेचार वाजता शीड दिसलं.

ती माशांच्या रिकाम्या पेट्यांच्या ढिगामागे उभी राहिली. का, ते तिलाच ठाऊक नव्हतं. बोट जवळ आली. सुकाणूवर पांढरी टोपी!

आणि मग तिला तो दिसला. पुढच्या टोकाला, दोराचं वेटोळं हातात घेऊन. तो पांढऱ्या टोपीकडे बघत नव्हता, टोप्यांपैकी कुणाकडेच नाही. तो धक्का बघत होता. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, एकेक माणूस. त्यानं घड्याळ पाहिलं. पुन्हा पहिल्या टोकापासून सुरुवात केली. तिसऱ्यांदा बघताना त्याचे खांदे जरासे खाली आले.

आपल्याला कुणी असं शोधत असताना आपण आडून बघावं, असं भाग्य माणसाला एकदाच मिळतं. तिनं ते पुरतं एक मिनिट घेतलं. मग तिला त्याची दया आली, आणि ती पेट्यांमागून बाहेर आली.

तो जागच्या जागी उभा राहिला. मग दोर फेकला. फेकला कसला, हातातून सुटला. हातभर अलीकडे, पाण्यात.

"कप्तान, दोर!" पांढरी टोपी ओरडली.

"हो, हो," तो म्हणाला, पण त्यानं तिकडे पाहिलंच नाही. "वारा पडला होता," त्यानं पाण्यापलीकडून भिंगरीला सांगितलं. "म्हणून उशीर... मला वाटलं, तू गेलीस."

"पावणेदोन तास थांबलेय."

"मागच्या शनिवारी माझं उत्तर राहिलं."

"मग द्या ना!"

"मलाही," तो म्हणाला. "म्हणजे... तू. मला. सात दिवस मी हेच बोलायची तयारी करतोय, आणि..."

बोट हळूहळू धक्क्यापासून लांब जायला लागली होती. तीन टोप्या, आई, वडील, सगळे श्वास रोखून बघत होते. भिंगरी धक्क्यावर पालथी पडली, हात पाण्यात घातला, ओला दोर पकडला आणि दोन्ही हातांनी बोट आपल्याकडे ओढून घेतली.